मिस्त्रीला विचारा : ना वायर, ना दांडी, मग पेट्रोल चढतं कसं?

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेलो होतो की छोट्या इंजिनचा व्हॅक्यूमवाला पंप बदलायच्या आधी त्याची नळी बघा, आणि त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की या वेळी दुसरं काही घेतच नाहीये. बुलेटच्या आवाजावर प्रश्न पाठवलेल्यांनी जरा थांबावं. आणि एक खुलासा, पंप म्हणजे जिथं आपण रांग लावतो तो नाही, इंजिनला चिकटलेला तळहाताएवढा डबा, त्याच्याबद्दल चाललंय.

पंचवटीहून एक वाचक : काका, माझा मंडप-डेकोरेशनचा छोटा धंदा आहे. सेकंडहँड पेट्रोल जनरेटर घेतला, त्याची टाकी वर नाही, खाली ट्रॉलीत आहे. इंजिनच्या बाजूला बिस्किटाच्या छोट्या पुड्याएवढा डबा आहे, त्याला तीन नळ्या, वायर एकही नाही आणि आत कुठली दांडीही जात नाही. गॅरेजवाला म्हणतो व्हॅक्यूमचा पंप गेलाय, नवीन टाका. जनरेटर वीस-पंचवीस मिनिटं मस्त चालतो, मग झटके मारतो नि बंद. दहा मिनिटं थांबलं की परत चालू. पंप बदलू का? आणि तो चालतो तरी कशावर?

उत्तर : दादा, आज तरी बदलू नका. पुढच्या वेळी झटके मारायला लागला की धावत जाऊन आधी टाकीचं झाकण सैल करा. फुस्स करून हवा आत गेली आणि मिनिटभरात इंजिन सावरलं तर पंपाचा काही दोष नाही, झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला पाहिजे, ती येत नाही म्हणून टाकीतच व्हॅक्यूम तयार होतो, मग पंप इकडून ओढतो आणि टाकी तिकडून ओढते. दहा मिनिटांत कुठूनतरी थोडी हवा शिरते आणि गाडी परत रुळावर. मंडपवाल्यांच्या जनरेटरला हे नेहमी होतं, कारण टाकी खाली असते, गोदाघाटावरची असो नाहीतर लग्नाच्या लॉनची, धूळ आणि फुलांचा कचरा सगळा त्या झाकणावर. बारीक तारेनं भोक मोकळं करा, झालं.

आता तो चालतो कशावर, ते नीट सांगतो कारण बाकीची निम्मी पत्रं याच्यावरच आहेत.

पिस्टन वर जातो तेव्हा वरच्या बाजूला काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं, पण खालच्या बाजूला काय होतं ते कुणी बघत नाही. पिस्टनच्या खाली क्रँककेस आहे, बंद डबा. पिस्टन वर गेला की त्या डब्यातली जागा वाढते म्हणून तिथं ओढ तयार होते, पिस्टन खाली आला की जागा कमी होते म्हणून दाब तयार होतो. इंजिन २०० सीसीचं असेल तर खालची जागासुद्धा दर वेळी २०० सीसीनंच कमीजास्त होते, तोच पिस्टन आहे ना. म्हणजे क्रँककेस अक्षरशः श्वास घेत असते. आपल्याकडं जनरेटर ३००० आरपीएमवर चालतो कारण लाईट ५० हर्ट्झची पाहिजे, म्हणजे सेकंदाला ५० वेळा ओढ आणि ५० वेळा ढकल.

हा श्वास एका नळीतून पंपात नेलाय. तीन नळ्यांपैकी ती एक, तिला गॅरेजमध्ये पल्स नळी म्हणतात किंवा नुसती व्हॅक्यूमची नळी. पंपाच्या आत मधोमध एक पातळ रबरी पडदा आहे, डायफ्राम. पडद्याच्या एका बाजूला हा श्वास, दुसऱ्या बाजूला पेट्रोल. ओढ आली की पडदा तिकडं खेचला जातो, पेट्रोलच्या बाजूची जागा वाढते आणि टाकीतलं पेट्रोल आत येतं, ढकल आली की पडदा इकडं येतो आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडं, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडं जातं. पण पेट्रोल परत टाकीत का जात नाही? कारण आत दोन झडपा आहेत, एक फक्त आत उघडणारी, एक फक्त बाहेर उघडणारी. लोहाराचा भाता ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको, भात्याच्या पोटाखाली चामड्याची जीभ असते, भाता फुगवला की उघडते आणि दाबला की बसते, तसंच हे, फक्त भाता दाबणारा माणूस म्हणजे पिस्टनचा खालचा श्वास.

गंमत म्हणजे दर झटक्याला पंपाला करायचं काम किती कमी आहे बघा. तुमचा जनरेटर लोडवर तासाला दोन लिटर पितो असं धरा, तर सेकंदाला अर्ध्या मिलीच्या जरा वर, भागिले ५०, म्हणजे एका झटक्याला पाण्याच्या एका थेंबाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं पेट्रोल. पडदा केसभर हलला तरी पुरतं. आणि कार्ब्युरेटरची वाटी भरली की फ्लोट, म्हणजे आतला तरंगणारा तुकडा, वर येतो, पेट्रोलची वाट बंद करणारी सुई म्हणजे नीडल बसते, पेट्रोलला जायला जागा नाही, मग पडदा आपोआप हलायचा कमी होतो. इंजिन बंद झालं की पंपही बंद. दाबही फार नसतो, एक ते तीन पीएसआयच्या आसपास, पण एक पीएसआयमध्ये पेट्रोल तीन फूट वर चढतं, पाण्यापेक्षा हलकं आहे ना, त्यामुळं तुमच्या ट्रॉलीच्या टाकीतून दीड-दोन फूट उचलायला काही जड जात नाही. लोक याला व्हॅक्यूमचा पंप म्हणतात पण निम्मं काम ढकलीचं आहे, नुसत्या व्हॅक्यूमनं पडदा एकदा खेचला गेला असता आणि तिथंच बसला असता.

झाकणाचा दोष नाही निघाला तर पुढं काय बघायचं तेही सांगतो. टाकीपासून पंपापर्यंतची नळी ओढीच्या बाजूला आहे, तिला चीर गेली तर ती गळत नाही, हवा ओढते. हे फार जणांच्या लक्षात येत नाही, गळत नाही म्हणजे नळी चांगली असं धरून चालतात. पंपाच्या पुढची नळी मात्र चिरली की गळते. आणि उन्हाळ्यात आपल्याकडं पारा चाळिशीला टेकतो तेव्हा ही ओढीची नळी सायलेन्सरच्या जवळून गेली असेल तर पेट्रोलची आतच वाफ होते आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही. नळी लांबून फिरवा.

पंपच तपासायचा असेल तर मेडिकलमधून दहा-वीस मिलीची सिरिंज आणा, सुई नको. पल्स नळी पंपापासून काढून तिथं सिरिंज लावा, बाहेर जाणारी नळी बाटलीत सोडा आणि दांडा मागंपुढं करा. रिकाम्या नळीत पेट्रोल यायला पाच-सात वेळा करावं लागेल, पण मग दर दाबाला बाटलीत पिचकारी आली पाहिजे. आली तर पंप ठणठणीत. हे इंजिन गार असताना, मोकळ्यावर, आणि खिशात बिडी-माचीस नसताना. तोंडानं पेट्रोल ओढायची जुनी सवय असेल तर सोडून द्या, ते फुप्फुसात गेलं तर दवाखान्यात भरती व्हावं लागतं.

ओझरहून एक द्राक्ष बागायतदार : बसून चालवायचं गवत कापायचं मशीन आहे, चार स्ट्रोक. ऑइल बघायला काढीपट्टी ओढली तर ऑइल खुणेच्या वर! मी तर टाकलंच नाही. वास घेतला तर पेट्रोलचा. मुलगा म्हणतो चालतंय ना, छाटणी होऊ दे मग बघू.

उत्तर : छाटणी होऊ देऊ नका. भाऊ, आत्ता या मिनिटाला त्याची चावी काढून खिशात ठेवा.

ऑइल वाढत नसतं कधी. वाढलं म्हणजे त्यात पेट्रोल आलं. तुमच्या मशीनला हाच पंप असेल तर संशय पहिला पडद्यावर. वर सांगितलं ना, पडद्याच्या एका बाजूला पेट्रोल आणि दुसऱ्या बाजूला थेट क्रँककेसकडं जाणारी नळी. पडद्याला टाचणीएवढं भोक पडलं की पेट्रोल त्याच श्वासाच्या वाटेनं क्रँककेसमध्ये ओढलं जातं आणि ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल रॉकेलसारखं पातळ होतं, मग कनेक्टिंग रॉड आणि क्रँकमध्ये जी ऑइलची फिल्म असायला पाहिजे ती राहत नाही. एक दिवस खाडकन आवाज येतो आणि रॉड बाहेर. शिवाय क्रँककेसमध्ये पेट्रोलची वाफ कोंडलेली, ते वेगळंच.

खात्री करायची तर पल्स नळी पंपाच्या टोकाकडून काढा. आत ऑइलचा हलका ओलावा चालतो, तो असणारच. पेट्रोल निथळलं तर पडदा फाटलाय, दुसरं काही बघायची गरज नाही. नळी कोरडी निघाली तर मग कार्ब्युरेटरची नीडल बघा, टाकी कार्ब्युरेटरपेक्षा उंच असेल तर नीडल गळली की रात्रभर पेट्रोल सिलिंडरमधून उतरून खाली जमतं, लक्षण अगदी सेम. म्हणून टाकी कुठं आहे ते आधी बघा, खाली असेल तर बंद मशीनमध्ये पेट्रोल आपणहून वर चढून येत नाही.

पंप नवा टाकलात तरी जुनं ऑइल सगळं काढल्याशिवाय एकदाही स्टार्ट करू नका. नवीन ऑइल टाका, अर्धा तास चालवा, परत काढीपट्टीचा वास घ्या. माझ्याकडं एकानं पंप बदलून घेतला, ऑइलचं म्हणाला घरी गेल्यावर बदलतो, आणि आठ दिवसांनी टेम्पोत इंजिन घालून आला. पंपाचे पैसे त्या बिलात दिसलेसुद्धा नाहीत.

सिन्नरहून इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी : सर, आम्ही कॉलेजसाठी गो-कार्ट बनवतोय. इंजिन मागं, टाकी पुढं पायाशी, म्हणून पल्स पंप टाकीजवळ बसवला आणि इंजिनपासून पंपापर्यंत मीटरभर नळी नेली, फिश टँकची पारदर्शक आहे, छान दिसते. आयडलला चालतं, रेस दिली की पाच-सहा सेकंदांत दम तोडतं. पंप छोटा पडतोय का?

उत्तर : छान दिसते हे मान्य. पण फिश टँकची नळी पेट्रोल-ऑइलच्या वाफेत काही दिवसांत कडक होऊन तडकते, ते एक. आणि दुसरं, तुमचा सगळा आजार त्याच नळीत आहे.

पल्स म्हणजे हवेचा झटका आहे, तो नळीतून पोचवायचाय. नळी मऊ असली की झटका पडदा हलवायच्या ऐवजी नळीच फुगवतो आणि चेपवतो. नळी लांब असली की आतली हवाच उशीसारखी दबते, पडद्यापर्यंत पोचेस्तोवर झटक्यात जीव राहत नाही. रबरी गादीवर घण मारून बघा, तसंच. आयडलला पेट्रोल थोडं लागतं म्हणून भागतं, रेस दिली की वाटीतलं संपेपर्यंत पाच-सहा सेकंद आणि मग खल्लास. तुमचे ते पाच-सहा सेकंद म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीतलं शिल्लक पेट्रोल आहे, बाकी काही नाही.

पंप उचलून इंजिनजवळ आणा. पल्स नळी जेवढी आखूड ठेवता येईल तेवढी, वीतभर असली तर उत्तम, जाड भिंतीची, पेट्रोल-ऑइल झेलणारी. लांब नळी ठेवायची असेल तर ती टाकीकडून पंपाकडं येणारी ठेवा, तिथं काही बिघडत नाही. पंप क्रँककेसच्या निपलपेक्षा, म्हणजे पल्स नळी जिथं अडकते त्या तोंडापेक्षा थोडा वर बसवा म्हणजे नळीत आलेलं ऑइल परत खाली निथळेल, नाहीतर ऑइलचा गोळा नळीत बसतो आणि झटका अडवतो. आणि मधे तीन तोंडांची टी टाकून त्याच पल्सवर दुसरं काही जोडायचं डोकं कुणी चालवलं असेल तर त्याला आधी चहा पाजा आणि टी काढायला लावा.

तुम्ही इंजिनचं मॉडेल लिहिलं नाही म्हणून एक सांगून ठेवतो, पुढच्या वर्षी दोन सिलिंडरचं चार स्ट्रोक इंजिन आणाल तर जपून. दोन्ही पिस्टन बरोबर वरखाली होत असतील तर पल्स जोरदार. पण एक वर जाताना दुसरा खाली येत असेल आणि क्रँककेस एकच असेल, तर एकानं वाढवलेली जागा दुसरा भरून काढतो, हिशोब शून्य, पल्स जवळपास नाहीच. अशा वेळी श्वास इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे कार्ब्युरेटरकडून इंजिनात जाणाऱ्या वाटेतून घेतात. तिथं मात्र नुसती ओढ असते, ढकल नाही, म्हणून तसल्या पंपात पडद्याला परत ढकलायला आत स्प्रिंग असते. हा पंप तिथं आणि तो इथं लावून चालत नाही. टू-स्ट्रोकला हा प्रश्न येत नाही, तिथं प्रत्येक सिलिंडरची क्रँककेस वेगळी बंद असते.

आता माझीच एक फजिती सांगतो, म्हणजे तुम्हाला वाईट वाटायला नको. गंगापूर रोडच्या एका लॉनवर लग्न, जनरेटर हुंदके देतोय, नवरदेव घोड्यावर आणि लाईट जातेय-येतेय. मी छातीठोकपणे पंप बदलला. तसंच. दुसरा नवीन पंप टाकला, म्हटलं पहिला डुप्लिकेट निघाला असेल. तसंच! शेवटी वैतागून बॅटरी धरून बघितलं तर पल्स नळीला क्लिपच्या बरोबर खाली केसासारखी चीर, क्लिपनं झाकलेली. नळीचं टोक अर्धा इंच कापून परत बसवलं आणि काम झालं. त्या दिवसापासून मी पंपाला हात लावायच्या आधी नळीला लावतो, आणि त्यानंतर ऑइलच्या झाकणाला. हो, ऑइलच्या झाकणाला! ते किंवा काढीपट्टी सैल असेल, क्रँकचं ऑइल सील गेलं असेल, तर श्वास तिकडून निसटतो आणि पंप उपाशी. चार स्ट्रोकला ब्रीदरमध्ये, म्हणजे क्रँककेसची हवा सोडायच्या वाटेत, एकेरी झडप असते, ती आतला जास्तीचा दाब बाहेर सोडते पण बाहेरची हवा आत घेत नाही, त्यामुळं क्रँककेसमध्ये सरासरी थोडी ओढच राहते. ती झडप तुंबली की आत दाब साठतो आणि पडदा एका बाजूला दबून बसतो. म्हणजे बिघाड ब्रीदरचा आणि शिव्या पंपाला.

इगतपुरीहून एक वाचक : पावसात गवत माणसाएवढं होतं म्हणून खांद्याला अडकवायचं ब्रश कटर घेतलं. कार्ब्युरेटर साफ करायला उघडला, गॅस्केटचा किट आणून बदलला, तेव्हापासून सुरूच होत नाही. प्लग कोरडा. याला तर पंपच नाही ना?

उत्तर : आहे की. तुम्ही तो स्वतःच्या हातानं उघडला आणि ओळखला नाहीत.

ब्रश कटर, चेनसॉ यांना फ्लोटची वाटी नसते, कारण मशीन आडवं, तिरकं, उलटं कसंही धरलं तरी चाललं पाहिजे. त्यांच्या कार्ब्युरेटरमध्ये दोन पडदे असतात, एका बाजूचा पेट्रोल मोजून देतो आणि दुसऱ्या बाजूचा पातळ पडदा हाच पंप. त्या पडद्यावरच इंग्रजी यू आकाराच्या दोन जिभा कापलेल्या असतात त्या झडपा, बघा मिळतील. वेगळी पल्स नळी नाही, क्रँककेसपासून कार्ब्युरेटरपर्यंत बारीक भोक आहे, ते मधल्या ठोकळ्यातून आणि गॅस्केटमधून येतं. गॅस्केट उलटं बसलं की ते भोक झाकलं जातं आणि पंप मेला. प्लग कोरडा म्हणजे तुमच्याकडं बहुतेक हेच झालंय.

कार्ब्युरेटर आणि इंजिनमधलं गॅस्केट काढा, बारीक भोक भोकासमोर येतंय का बघा. सीलंट फासला असेल तर तो भोकात गेला असेल, तोही खरवडा. मग पंपाची बाजू उघडा. बहुतेक कार्ब्युरेटरमध्ये पंपाच्या बाजूला आधी पडदा बॉडीला लागून आणि त्याच्यावर गॅस्केट, आणि मोजायच्या बाजूला उलट, आधी गॅस्केट मग पडदा. लोक दोन्हीकडं एकच क्रम लावतात. पुढच्या वेळी प्रत्येक थर काढताना मोबाईलवर फोटो काढत जा, आमच्या वेळी फोटो नव्हते म्हणून आम्ही वर्तमानपत्रावर क्रमानं मांडून ठेवायचो आणि मग कुणीतरी पंखा लावायचं.

कार्ब्युरेटरपाशी जो रबरी फुगा असतो तो दाबून पेट्रोल येतं म्हणजे पंप चालू आहे असं समजू नका, फुगा वेगळा. तो फक्त सुरुवातीला आतली हवा काढून पेट्रोल भरायला. फुगा दाबून पाच सेकंद चालतं आणि बंद होतं असं झालं तर मात्र पल्सचं भोकच बघायचं.

कॉलेज रोडहून एक ताई : माझ्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या स्कूटरलाही व्हॅक्यूमची नळी आहे. आठ दिवस उभी राहिली की बटणानं लागत नाही, किक मारून मारून पाय दुखतो. हा पंप बदलू का?

उत्तर : ताई, तो पंप नाही, तो नळ आहे. इंजिनची ओढ आली की नळ उघडतो, पेट्रोल आपलं आपण उतारानं येतं. उचलायचं काम तो करत नाही. आठ दिवसांत वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि नळ उघडायला इंजिन फिरावं लागतं, म्हणून पहिल्या दहा-बारा किका. चोक द्या, ॲक्सिलरेटर न पिळता किक मारा. तीस-चाळीस किका लागत असतील तर नळाचा पडदा किंवा त्याची नळी गेलीय. आणि धूर काळा, प्लग ओला, पेट्रोल जास्त खातेय असं असेल तर पडदा फाटून पेट्रोल व्हॅक्यूमच्या नळीतूनच इंजिनमध्ये जातंय.

देवळाली कॅम्पहून एक ज्येष्ठ वाचक : माझे वडील सांगायचे की फार जुन्या मोटारी कसारा घाट चढताना पेट्रोल असूनही बंद पडायच्या आणि ड्रायव्हर मधेच पाय उचलायचा. यात तुमच्या व्हॅक्यूमचा काही संबंध?

उत्तर : आहे, आणि साहेब तुमच्या पत्रानं माझा दिवस चांगला गेला.

सुरुवातीच्या गाड्यांना पंपच नव्हता, टाकी वर आणि कार्ब्युरेटर खाली. फोर्डची मॉडेल टी, १९०८ ते १९२७ पर्यंत निघाली, तिची टाकी सीटखाली असायची, चढ फार उभा लागला आणि टाकीत पेट्रोल कमी असलं की ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचायचंच नाही, मग लोक गाडी फिरवून रिव्हर्समध्ये घाट चढायचे. पुढं टाकी मागं गेली तेव्हा पेट्रोल पुढं आणायचं कसं हा प्रश्न आला, तर बॉनेटखाली एक छोटी टाकी बसवली, अमेरिकेत स्टुअर्टची आणि इंग्लंडमध्ये ऑटोव्हॅक नावाची प्रसिद्ध होती. आत फ्लोट. टाकी रिकामी झाली की फ्लोट खाली, इनटेक मॅनिफोल्डची ओढ चालू, मागच्या टाकीतलं पेट्रोल खेचून यायचं, भरली की ओढ बंद आणि हवा चालू, मग पेट्रोल उतारानं कार्ब्युरेटरमध्ये.

पण मॅनिफोल्डमधली ओढ कधी असते, तर थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरनं उघडणारं हवेचं दार, अर्धवट बंद असतो तेव्हा. पूर्ण पाय दाबला की थ्रॉटल उघडा, ओढ जवळपास गायब. कसारा घाटासारखा लांब चढ पाय दाबून चढायचा म्हणजे छोटी टाकी भरायचीच नाही, ती संपली की गाडी बंद. ड्रायव्हरनं क्षणभर पाय उचलला की थ्रॉटल मिटला, ओढ आली, टाकी भरली. तुमचे वडील बरोबर सांगत होते. तसल्याच ओढीवर चालणारे वायपरही चढावर मंदावायचे, म्हणजे पाऊस आणि घाट एकदम आला की ड्रायव्हरचा देवच वाली. १९३० नंतर कॅमच्या दांडीवर चालणारे पंप सगळीकडं आले आणि हे मागं पडलं. पिस्टनच्या खालचा श्वास वापरणाऱ्या आपल्या छोट्या पंपाला ही अडचण येत नाही, थ्रॉटल कितीही उघडा, पिस्टन वरखाली होतोच.

निफाडहून एक वाचक : इथेनॉलच्या पेट्रोलनं हे रबरी पडदे जातात असं ऐकलं. खरं का?

उत्तर : जुन्या रबराचे जातात. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ मध्ये आलं, आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं, आणि आपलाच ऊस आपल्याच मशीनच्या पडद्यावर येऊन बसलाय म्हणायचं. जुना पडदा फुगतो नाहीतर कडक होतो, कडक झाला की पल्स असूनही हलत नाही. विशेषतः थंडीत सकाळी, आणि निफाडची थंडी मी सांगायला नको. नवीन किट घेताना इथेनॉलला चालणारं आहे का विचारा. मशीन महिनाभर उभं राहणार असेल तर टाकी रिकामी करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते पाणी तळाशी बसतं, पंप तळातूनच ओढतो.

अंबडहून एक वाचक : या व्हॅक्यूमच्या भानगडीला कंटाळून मी जनरेटरला एका नव्या बाईकचा इंजेक्शनवाला इलेक्ट्रिक पंप लावला. आता कार्ब्युरेटर धो-धो ओव्हरफ्लो होतोय. नीडल बदलली तरी तेच.

उत्तर : होणारच. इंजेक्शनचा पंप साधारण तीन बारचा दाब देतो, म्हणजे चाळीस पीएसआयच्या वर, आणि तुमची नीडल दोन-तीन पीएसआयच्या हिशोबानं बनलीय. फ्लोटला एवढं पेट्रोल थोपवणं जमणारच नाही, सोन्याची नीडल टाका तरी. कार्ब्युरेटरला चालणारा कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप वेगळा मिळतो, तो चालेल. पण एक लक्षात घ्या, पल्स पंप इंजिन थांबलं की थांबतो, इलेक्ट्रिक पंपाला इंजिन बंद पडलेलं कळत नाही, तो ढकलतच राहतो. एखादी नळी सुटली आणि सायलेन्सर तापलेला असला तर मंडपाचं कापड किती वेळात पेटतं ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणून तो लावायचाच असेल तर इंजिन थांबल्यावर पंपाची लाईन आपोआप तुटेल असा ऑइल प्रेशरचा स्विच किंवा रिले मधे टाका. तुमच्या इंजिनला ऑइल प्रेशरच नसेल, नुसतं ऑइल उडवणारं असेल, तर जनरेटरच्या आउटपुटवरून रिले घ्या. आणि हे सगळं करायच्या आधी जुना पंप फेकला नसेल तर तो शोधा, त्याला सिरिंज लावून बघा, आणि काय निघालं ते मला कळवा.